ज्याची लाईन, त्याचंच यंत्र

मी अंबरनाथ सोडलं त्या दिवशी बाबांनी मला तीनच प्रश्न विचारले. पासपोर्ट हातातल्या पर्समध्ये आहे ना? स्वेटर वरच ठेवलंयस ना? आणि तिकडे लाईन कुणाची घेणार?

तिसऱ्या प्रश्नाला मी हसले. विमानतळाच्या दाराशी आम्ही उभे होतो. आई माझा हात सोडत नव्हती, मावशी आईला सोडत नव्हती, आणि आत जाणारा प्रत्येक जण आमच्या घोळक्याला वळसा घालून जात होता. बाकीच्यांचे वडील अशा वेळी जपून राहा, वेळेवर जेव असं काहीतरी सांगत असतील. माझे वडील ट्रॉलीच्या अडकणाऱ्या चाकाकडे बघत म्हणाले, "ज्याची लाईन, त्याचंच यंत्र घे. म्हणजे उद्या बिघडलं तर कुणाला हात झटकता येत नाहीत." मग जयभीम म्हणाले आणि तोंड फिरवलं. मी काचेच्या आत गेले, वळून बघितलं, तर ट्रॉली नव्हती तरी ते खालीच बघत होते.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे अंबरनाथला, उल्हासनगरला राहिलात, त्यांना हे वाक्य नवं नाही. बाबांनी ते अख्ख्या वस्तीला ऐकवून झालं आहे. पण जे माझ्यासारखे इकडे ऑस्ट्रेलियात आले, आमच्या सिडनीच्या टूनगॅबीत, शेजारच्या गिरावीनमध्ये, तिकडे मेलबर्नला क्रेगीबर्नमध्ये, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. पुढचं सगळं त्या एका वाक्यावरूनच घडलं आहे.

बाबा टेलिफोन खात्यात लाईनमन होते. ते कधी 'ऑफिस' म्हणाले नाहीत, 'नोकरी' म्हणाले नाहीत. 'खातं' म्हणायचे. खात्याची सायकल, खात्याची पिशवी, खात्याचा कमरेचा पट्टा. वस्तीतल्या पोराला ज्या बंगल्यांच्या फाटकाबाहेर उभं राहायला लागायचं, त्याच बंगल्यांत हा माणूस खात्याची पिशवी खांद्याला लावून थेट दिवाणखान्यात जायचा, साहेबांना सोफा सरकवायला सांगायचा आणि गुडघ्यावर बसून भिंतीतली वायर तपासायचा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, बाबा, खांबावर चढल्यावर भीती नाही का वाटत? तर म्हणाले, "वरून सगळ्यांच्या तारा सारख्याच दिसतात. साहेबांची कुठली आणि पिठाच्या गिरणीवाल्याची कुठली, काही कळत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की आई म्हणायची, झालं, आता यांना चहा नको.

त्या काळी फोनचं यंत्रसुद्धा खात्याचंच असायचं. घरमालकाने नुसतं वापरायचं. आवाज येईना झाला, की तार बिघडली आहे की यंत्र, हा वाद घालायची सोयच नव्हती, कारण दोन्ही खात्याची. तक्रारवहीत नोंद झाली की कुणीतरी सायकल काढायचं. दर सोमवारी सकाळी बाबा आपल्या भागातल्या सगळ्या लाईनी तपासून घ्यायचे, तक्रार असो वा नसो. "लोक तक्रार करेपर्यंत थांबायचं असेल तर मग खातं कशाला हवं?" हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य.

सिडनीत पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांची आज्ञा पाळली. माझ्यासोबत विमानात आलेली आणि माझ्याच युनिव्हर्सिटीत शिकणारी स्वाती तेव्हाच म्हणाली होती, "अगं, आउटराइट घे ना. सुटा फोन घ्यायचा, हवं ते सिम टाकायचं. कॉन्ट्रॅक्टमध्ये कशाला अडकतेस?" मी तिला लाईन आणि यंत्र यांवर छोटंसं भाषण दिलं. मग शॉपिंग सेंटरमध्ये एका मोठ्या टेलिफोन कंपनीच्या काउंटरवर उभी राहून चोवीस महिन्यांच्या कागदावर सही केली. त्यातला एक शब्द वाचला नाही. काउंटरवरची बाई 'नो वरीज' म्हणाली आणि माझ्या वरीज खरंच संपल्या. फोन सुरू केला की आधी त्या कंपनीचं चिन्ह झळकायचं, मग फोन बनवणाऱ्याचं. आत तिची पाच-सहा अ‍ॅप्स होती, ती काढता येत नसत. मला तेही आवडलं. खात्याचा पट्टाही कुठे बदलून मिळायचा?

घरी फोन करून सांगितलं, दोन वर्षांचा कॉन्ट्रॅक्ट केलाय. आईला वाटलं माझाच. नोकरीचा बाँड असतो तसा काहीतरी, दोन वर्षं संपली की पोरगी मोकळी होणार आणि परत येणार. तिने शेजारी तसं सांगूनही टाकलं. मला तिची चूक लगेच कळली होती. मी ती दुरुस्त केली नाही, कारण तेव्हा मलाही वाटत होतं की तसंच होईल. दोन वर्षं संपली, नवा फोन आला, नवा कॉन्ट्रॅक्ट झाला. आई गेली तेव्हा माझा सहावा कॉन्ट्रॅक्ट चालू होता.

मधल्या काळात त्याच कंपनीत मला नोकरी लागली. योगायोग नव्हता, मी मुद्दाम तिथे अर्ज केला होता. बाबांनी अंबरनाथच्या विहारात पेढे वाटले आणि सांगितलं, "पोरगी खात्यात लागली. ऑस्ट्रेलियाच्या." मी दहा वेळा समजावलं, बाबा, ही प्रायव्हेट कंपनी आहे, आमच्याकडे खातं म्हणजे अकाउंट, एकेका गिऱ्हाइकाचं एकेक. ते म्हणाले, "असेल. पण लाईन देते ना लोकांना? मग खातंच."

माझं काम काय, तेही सांगायला हवं, कारण इथे दहा वर्षं शेजारी राहणाऱ्यांनासुद्धा ते माहीत नाही. फोन बनवणारी कंपनी वेगळी, लाईन देणारी वेगळी. फोन बनवणारे अधूनमधून त्याचं सॉफ्टवेअर सुधारतात, त्याला आपण अपडेट म्हणतो. तुम्ही दुकानातून सुटा फोन घेतला असेल तर ते अपडेट बनवणाऱ्याकडून थेट तुमच्या फोनवर येतं. पण फोन लाईनवाल्या कंपनीकडून कॉन्ट्रॅक्टवर घेतला असेल, तर त्याच्या आतलं सॉफ्टवेअर त्या कंपनीच्या शिक्क्याचं असतं. अपडेट आधी आमच्याकडे येतं. आम्ही टेस्टर लोक ते तपासतो, कॉल लागतो का, मेसेज जातो का, आणि कंपनी 'जाऊ द्या' म्हणाली की मगच ते लोकांच्या फोनवर उतरतं. नाही म्हणाली, तर नाही उतरत. दोन माणसांच्या हातात बाहेरून अगदी एकसारखा फोन असतो, एकाचा नवा होतो आणि एकाचा जुनाच राहतो. ज्याचा जुना राहतो त्याला हे कुणी सांगत नाही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे टूनगॅबीला आले. माझा आधीचा कॉन्ट्रॅक्टवाला फोन मी त्यांना दिला, भाषा मराठी करून दिली. चांगला फोन होता, काचेला ओरखडाही नव्हता. त्यांनी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवायला सुरुवात केली आणि सोमवारची ड्युटी परत चालू केली. सोमवारी सकाळी चहा झाला की चष्मा लावून सेटिंग्जमध्ये जायचं, 'अपडेट तपासा' दाबायचं, गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायचं आणि मग बातम्या वाचाव्यात तशा आवाजात वाचायचं: "तुमचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे." माझी दहा वर्षांची सानिका म्हणायची, "आजोबा, इट डझ दॅट बाय इटसेल्फ!" बाबा म्हणायचे, "आपणहून कुणी काही करत नाही बाळा. तपासावं लागतं."

त्या फोनवर त्यांचं इथलं सगळं स्वातंत्र्य उभं होतं. आमचा करारच होता तसा. फोन खिशात असेल तरच एकटं बाहेर पडायचं. इंग्रजी जेमतेम, रस्ते सगळे सारखे, पण खिशात फोन आणि फोनमध्ये मी. त्यावर ते गिरावीनच्या पार्कपर्यंत जाऊ लागले. तिथे त्यांना बलबीरजी भेटले. जालंधरकडचे, मुलाकडे आलेले, मोठ्या आवाजाचे. दोघांची हिंदी दोन वेगळ्या देशांतली वाटावी अशी होती, पण रोज सकाळी तासभर फेऱ्या आणि मग बाकावर गप्पा. बाबांनी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतंच. बलबीरजी मला बघितलं की म्हणायचे, "आ गयी टेलिफोनवाली बेटी!"

मग ते जुनं थ्रीजी नेटवर्क बंद करायचं ठरलं. सगळ्यांनीच बंद केलं, तुम्हाला आठवत असेल. गोम अशी होती की काही फोन रोजचे कॉल नव्या नेटवर्कवर करायचे, पण इमर्जन्सीचा ट्रिपल झीरो, म्हणजे तीन शून्यांचा नंबर, लावला की जुनंच नेटवर्क शोधायला जायचे. ते तर उरलेलंच नाही. म्हणजे घरी फोन लागणार, मित्राला लागणार, आणि ज्या दिवशी जीव धोक्यात असेल त्या दिवशी तेवढा लागणार नाही. बाबांचा फोन त्यातला होता. मात्र बनवणाऱ्या कंपनीने त्यावर अपडेट तयार केलं होतं. सुट्या फोनांना ते मिळूनही गेलं होतं. आमच्या शिक्क्याच्या फोनांसाठीचं माझ्याच टेबलावर आलं. मी दोन फोनांवर चार दिवस ते तपासलं. पास झालं. तक्त्यात मी माझ्या हाताने 'पास' लिहिलं. आणि त्या संध्याकाळी ट्रेनने घरी येताना, खरं सांगते, मला बाबांसारखं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मीटिंग होती. आमचा मॅनेजर ग्लेन, माणूस वाईट नाही, माझ्या टिफिनमधली झुणका-भाकरी मागून खाल्लेला माणूस आहे, त्याने तोच तक्ता पडद्यावर लावला. माझ्या 'पास'च्या पुढे एक नवा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं, 'नॉट प्लॅन्ड'. कुणीतरी का म्हणून विचारलं. ग्लेन म्हणाला, ती सगळी मॉडेल्स कॉन्ट्रॅक्टबाहेर गेली आहेत, त्यांचे चोवीस महिने कधीच संपले, अपडेट सोडायच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या चालू मॉडेल्सना द्यायच्या आहेत. जुन्या फोनवाल्यांना मेसेज जाईल, ते दुकानात येतील, नवा फोन घेतील. जे येणार नाहीत त्यांची सेवा महिनाअखेर बंद होईल. मग तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "ऑल गुड?"

मी सात वर्षं त्या टेबलावर बसत होते. रुजू झाले त्या दिवशी याच कंपनीने आम्हाला एका हॉलमध्ये बसवून सांगितलं होतं की आपण फोन विकत नाही, भरवसा विकतो. मी ते वाक्य घरी मराठीत करून बाबांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते लिहून घेतलं होतं. आता तोच भरवसा चोवीस महिन्यांनी संपतो हे मला एका रकान्यातून कळत होतं. बिघाड असता तर मी समजू शकले असते. औषध तयार होतं, तपासलेलं होतं, बाटलीवर माझी सही होती, आणि ते कपाटातच राहणार होतं, म्हणजे लोक दुकानात येतील. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या मनात हे सगळं होतं. ग्लेनची नजर माझ्यावर आली. माझी नोकरीही कॉन्ट्रॅक्टवरची, दर वर्षी वाढवून मिळणारी, आणि त्या महिन्यात ती वाढायची होती. मी म्हणाले, "मेक्स सेन्स, ग्लेन."

बाबांच्या फोनवर तो मेसेज आला. इंग्रजीत, जाहिरातीसारखा, शेवटी नव्या फोनची ऑफर. त्यांनी मला दाखवला. मी म्हटलं, मी बघते. मग म्हटलं, बाबा, शनिवारी आपण नवा फोनच आणू. ते हसले. "चांगलं यंत्र टाकून द्यायचं? तुझं खातं सांगतंय अद्ययावत आहे. आणि खात्यात तू बसली आहेस."

तेव्हा सांगता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण ते सांगायचं म्हणजे, बाबा, अपडेट तयार आहे, मीच पास केलंय, आणि ते तुम्हाला द्यायचं नाही असं ठरलं तेव्हा मी तिथे बसून मान डोलावली, हे सांगणं आलं. माझी जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "येईल अपडेट, बाबा. थोडा वेळ लागतोय." शनिवारी सानिकाची पोहण्याची स्पर्धा होती, फोन आणायचं राहिलं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणू असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दोन शनिवारांच्या मधल्या बुधवारी बलबीरजी पार्कमध्ये बाकावरून खाली घसरले. हात छातीवर, चेहरा पांढरा, घामाने डबडबलेले. बाबांनी रुमालातून फोन काढला. ट्रिपल झीरो मी त्यांच्याकडून पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतला होता. त्यांनी लावला. फोन शोधत राहिला, मग बंद झाला. परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावला. पार्कमध्ये त्या वेळी कुणी नव्हतं. बहात्तर वर्षांचा माणूस हातात चालू फोन घेऊन रस्त्याकडे धावत गेला, आणि कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईसमोर फोन धरून 'प्लीज, प्लीज' एवढंच म्हणत राहिला. तिने तिच्या फोनवरून लावला. अ‍ॅम्ब्युलन्स आली.

बलबीरजी वाचले. हे आधीच सांगून टाकते. हॉस्पिटलातून आल्यावर त्यांनीच बाबांचा खांदा थोपटला आणि म्हणाले, "छोड़ो यार, टाइम नहीं आया था अपना." पण डॉक्टर त्यांच्या मुलाला म्हणाले होते की अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, आणि मुलाने ते बाबांच्या देखत सांगितलं.

बाबांनी मला त्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पार्कला गेले नाहीत. शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. दुपारी चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात आले तर ते टेबलाशी बसलेले, फोनवर कॅल्क्युलेटर उघडलेला, आणि अंगठ्याने सावकाश शून्य दाबत होते. एक, दोन, तीन. पुसायचं, परत. मी विचारलं, काय करताय बाबा? त्यांनी अंगठा माझ्यापुढे धरला. आयुष्यभर वायरी सोलून त्याची कातडी चामड्यासारखी झाली आहे. म्हणाले, "हा निबर झालाय. स्क्रीनला कळत नाही कधीकधी. त्या दिवशी शून्य दोनदाच लागलं असणार. माझंच चुकलं असणार ना? यंत्राची तर काही तक्रार नाही."

तीन दिवस हा माणूस आपला अंगठा तपासत बसला होता.

मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. जुनं नेटवर्क, नवं नेटवर्क, अपडेट, दोन फोन, चार दिवस, माझं 'पास', पुढचा रकाना, ग्लेनचं 'ऑल गुड', माझं 'मेक्स सेन्स'. कॉन्ट्रॅक्टचंही सांगितलं, फोनच्याही आणि माझ्याही. रडत सांगितलं. आतमध्ये माझा लॅपटॉप मीटिंगची आठवण करून देत वाजत होता.

शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे दुरुस्तीचं औजार तयार होतं?"

"हो."

"तुम्ही तपासलं होतं?"

"मीच तपासलं होतं, बाबा."

"आणि हे दर सोमवारी अद्ययावत आहे म्हणत होतं, ते?"

मी सांगितलं, बाबा, त्याचा अर्थ एवढाच की कंपनीने जेवढं द्यायचं ठरवलंय तेवढं तुमच्याकडे आहे.

त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "खात्यानेच तसं ठरवलं, बाबा, मी एकटी काय करणार होते?"

"खातं म्हणू नकोस त्याला," ते म्हणाले. "कंपनी म्हण."

एवढंच. मग उठले, कप विसळले आणि त्यांच्या खोलीत गेले. संध्याकाळी नेहमीसारखे सानिकाशी पत्ते खेळले.

मी त्यानंतर ग्लेनला ईमेल लिहिलं. लांबलचक, रागाने, माझ्या नावानिशी. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्याला याची कल्पना होती, आणि गिऱ्हाइकाला कळवलेलं होतं. मग मी गिऱ्हाइकासारखी फोन बनवणाऱ्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. ते म्हणाले, तुमच्या लाईनवाल्या कंपनीला विचारा. लाईनवाल्या कंपनीच्या हेल्पलाइनला केला, म्हणजे माझ्याच कंपनीच्या, तर तिथली बाई म्हणाली, फोन बनवणाऱ्यांना विचारा, आणि नव्या कॉन्ट्रॅक्टवर चांगली ऑफर आहे. ज्याची लाईन त्याचंच यंत्र घेतलं, तरी दोघांनीही हात झटकले. बाबांचा नियम काही खोटा नव्हता. तो ज्या लोकांसाठी केला होता ते लोक आता तिथे बसत नाहीत. आता तिथे मी बसते.

आता हे वाचून तुम्ही विचाराल की मग नोकरी सोडलीस का. नाही सोडली. घराचं कर्ज आहे, सानिकाची शाळा आहे, आणि त्याच महिन्यात माझा कॉन्ट्रॅक्ट वाढवून मिळाला. इथे आलेले तुम्ही सगळे हे वाक्य समजून घ्याल, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

बाबा व्हिसा संपायच्या दोन महिने आधी परत गेले. भांडण नाही, काही नाही. तिकडे पावसाआधी छताचं काम करून घ्यायचंय म्हणाले. सिडनीच्या विमानतळावर या वेळी मी दाराशी उभी होते आणि ते आत जाणार होते. मी विचारलं, बाबा, तिकडे लाईन कुणाची घेणार? वाटलं होतं हसतील. ते म्हणाले, "बघू. सुटाच फोन घेईन कुठलातरी." मला जयभीम म्हणाले, सानिकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि रांगेत लागले. जुना फोन त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता, चार्जरसकट. तो मला घरी आल्यावर सापडला.

मी तो अजून टाकलेला नाही. सिम नसलं तरी वायफायवर चालतो. कधीकधी सोमवारी सकाळी मी 'अपडेट तपासा' दाबते. चक्र फिरतं आणि तो मला मराठीत तेच सांगतो. आपणही घरी फोनवर हेच सांगत आलो ना इतकी वर्षं? सगळं ठीक आहे, सगळं व्यवस्थित आहे, दोन वर्षांत येते. तिकडच्यांनी दर वेळी विश्वास ठेवला. आईने तर फारच ठेवला.

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी आता टूनगॅबी म्हणते, आणि ते खरंही आहे. पण मनात मी घर म्हणायचे ते एका वाक्याला. अंबरनाथच्या दारात बाबा उभे आहेत, कुणीतरी विचारतं मुलगी कुठे असते, आणि ते छाती काढून सांगतात, 'खात्यात'. ते वाक्य जोवर तिथे बोललं जात होतं, तोवर माझी जागा तिथे राखलेली होती. कधीही जाऊन बसावं.

मागच्या रविवारी मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. नवा फोन घेतलाय, सुटा, आवाज स्वच्छ येतो. छताबद्दल सांगत होते. तेवढ्यात गल्लीत नव्याने राहायला आलेले कुणीतरी काका थांबले, मला पडद्यावर दिसले नाहीत, नुसता आवाज आला. त्यांनी विचारलं, मुलगी का? कुठे असते?

"ऑस्ट्रेलियात," बाबा म्हणाले. मी इकडे फोनचा आवाज वाढवला. त्यांनी एकदा फोनकडे बघितलं, मग त्या काकांकडे.

"कंपनीत आहे," ते म्हणाले.